वटाव

किटवे. दुपारी दोनचा तास.
तिसऱ्या वर्षाची पोरं, सत्तेचाळीस,
पोटात न्शिमा, डोळ्यांवर झापड,
आणि मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढते.
ही रेघ म्हणजे काळ, सांगते.
खाली जाणारा बाण म्हणजे पैसा गेला,
वर जाणारा म्हणजे आला.
एवढं कळलं की अर्धा विषय झाला,
उरलेला अर्धा म्हणजे धीर.

शून्याव्या वर्षी एक लांबलचक बाण खाली:
पंप, पाइप, गाळ अडवायचा बांध.
मग दरसाल वर येणारे बाण, तांब्याचे.
विसाव्या वर्षी एक चिमुकला: भंगाराचे पैसे.
"भंगार घेतं कोण, मॅडम?"
"तुझा काका!" मागून कुणीतरी.
वर्ग हसतो. काबाम्बाही हसतो,
चिसोकोने बाजारात त्याच्या काकाचं
खरंच भंगाराचं दुकान आहे.

मग वटाव.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
हे कुणाला शिकवावं लागत नाही;
आपण फक्त मोजतो, पळतं ते किती पळतं.
दरसाल दर शेकडा अठरा.
पन्नास वर्षांनी मिळणारा एक क्वाचा
आज केवढ्याचा?

तेवढ्यात वीज गेली,
वेळापत्रकाच्या अर्धा तास आधी.
मागच्या बाकांवर अंधार,
उजेडावर चालणारे कॅल्क्युलेटर एकेक करून मिटले.
पोरं उठून खिडकीशी गेली,
काळ्या डोंगराकडे तळहात पसरून उभी राहिली,
आकडा उजाडायची वाट बघत.
"एका न्ग्वेचा चाळिसावा भाग!" लुबिंडा ओरडला,
"यात शेंगेचं टरफलही येत नाही, मॅडम."

बरोबर, मी म्हणाले.
अकरा वर्षं म्हणते आहे.

नामविंगा मात्र फळ्यापाशी आली.
अबोल पोरगी, घर कफुवेच्या खालच्या अंगाला.
खडू घेतला, आणि विसाव्या वर्षापासून
माझी रेघ पुढे ओढायला लागली.
फळा संपला. चौकट आली.
ती चौकटीवरून भिंतीवर उतरली,
गिलाव्यावर खडू करकरला,
तीस,
स्विचबोर्डाला वळसा, चाळीस,
खिडकीच्या वीतभर अलीकडे थांबली
आणि गुडघे टेकून
एक बाण थेट फरशीपर्यंत खाली आणला.

"इथं बांध फुटतो.
आजच्या हिशेबात, शेंगेचं टरफल.
पण त्या दिवशी नदीवर जी बाई भांडी घासत असेल,
तिनं हीच रेघ काढायची झाली
तर तिचं शून्य कुठं?"

सूत्रात वर्षं आहेत, दर आहे,
बाईसाठी अक्षर नाही.
दर कमी धरून बघू, असं म्हणता आलं असतं,
किंवा विमा,
किंवा, हे पुढल्या सत्रात येईल.
यातलं शेवटचं मी म्हणाले.
खडूची पूड झटकली, हजेरी घेतली.

माझे वडील असल्याच एका पंपावर होते,
जमिनीखाली सातशे मीटर.
त्यांच्या फुप्फुसांचा घसारा
कंपनीनं सरळ रेषेत धरला होता,
दरवर्षी सारखा, शेवटी शून्य.
हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

फळा रोज पुसला जातो. भिंतीचं कुणाच्या कामात बसत नाही.
जुलैत रंगारी आला, बाशी-म्वापे.
शिडी टेकवून म्हणाला, हा बाण घासून काढू?
सोडला तर, मी विचारलं.
त्यानं वीत लावून मापलं, मान वाकडी करून बघितलं,
"एवढी पट्टी सोडली तर तीस क्वाचा कमी."

तीस क्वाचा. आजचे.

पुसट झाला की मी तो गिरवते,
महिन्याला खडूचा एक तुकडा.
आणि लेखाविभागाची चिठ्ठी अजून येते आहे:
रंगकामातले तीस क्वाचा वाचले दिसतात,
कोणत्या खाती मांडावेत, कृपया कळवावे.